रिकामा पेला

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा केव्हाच आटोपली होती. परंतु पाऊस असा कोसळत होता की धर्मशिक्षणाच्या वर्गाला आलेली पंधरा-वीस मुले चर्चच्या पडवीतच अडकून पडली. खानापूर तालुक्यातील पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको. मुलांचा गलबला थांबविण्याचा एक उपाय म्हणून मी सहज विचारले, "या आठवड्यात शाळेत काय शिकलात?" पाचवीतील एक चुणचुणीत मुलगी तत्काळ उठून उभी राहिली, तिने हात पाठीमागे बांधले आणि एका दमात म्हणून दाखविले, "पदार्थाच्या अवस्था तीन : स्थायू, द्रव व वायू. स्थायूला निश्चित आकार व निश्चित आकारमान असते. द्रवाला निश्चित आकारमान असते, पण निश्चित आकार नसतो. वायूला दोन्ही नसतात."

एक अक्षर चुकले नाही. मी तिला शाबासकी दिली. शेजारी माठावर पाणी पिण्याचा स्टीलचा पेला पालथा घातलेला होता, तो उचलून तिच्यापुढे धरला आणि विचारले, "यात काय आहे?"

तिने आत डोकावून पाहिले. "काही नाही, फादर. रिकामा आहे."

"वायू नाही?"

"छे! वायू सिलिंडरमध्ये असतो."

इतर मुलांपैकी एकही हसले नाही. त्या उत्तरात हसण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही, आणि नेमक्या त्याच गोष्टीने मला विचारात पाडले. तिच्या एका वाक्यात दोन चुका होत्या. पहिली तर उघडच आहे; दुसरी लेखाच्या ओघात येईल. तत्पूर्वी हे स्पष्ट केले पाहिजे की, मी तिला किंवा तिच्या गुरुजींना दोष देत नाही. जुन्या पुस्तकांतून 'घन' म्हणत, आता 'स्थायू' म्हणतात. नावे बदलली, पण ती पाठ करून घेण्याची रीत मात्र आहे तशीच राहिली. तिचे उट्टे काढणे शाळेत कठीण असले तरी घरी मुळीच कठीण नाही, आणि म्हणूनच हा लेख मातापित्यांसाठी आहे. ज्या माउलीने आयुष्यभर दूध तापविले, लोणी कढविले, गुळाचा पाक केला, तिच्या हाताला या तिन्ही अवस्था जितक्या ठाऊक आहेत तितक्या कोणत्याही पुस्तकाला ठाऊक नसतात.

येथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. मी चौथीत असेन. गुरुजींनी द्रवाची व्याख्या सांगितली : जे भांड्याचा आकार धारण करते ते द्रव. माझ्या डोळ्यांपुढे आईची तांदळाची पिंपे उभी राहिली. मी विचारले, "मग तांदूळ द्रव आहेत काय? तेही डब्याचा आकार घेतात, ओतताही येतात." उत्तरादाखल पट्टी हातावर बसली. वर्ग हसला. त्यानंतर कित्येक वर्षे मी शास्त्राच्या तासाला प्रश्न विचारला नाही. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या एका वृद्ध फादरांनी एकदा सहज म्हटले की व्याख्या ही शेवटी येणारी गोष्ट आहे, आरंभी येणारी नव्हे. तेव्हा मला ती पट्टी आठवली.

कारण तो प्रश्न चांगला होता, आणि त्याचे उत्तर त्याहून चांगले आहे. एका ताटात वाटीभर तांदूळ ओता आणि दुसऱ्या ताटात वाटीभर पाणी. तांदळाची रास होते. तिला उतार असतो, शिखर असते. पाणी रास करीत नाही. ते सपाट होईपर्यंत थांबत नाही. आता तांदळाचा एकच दाणा चिमटीत घ्या. तो वाटीत असो की पोत्यात, त्याचा आकार तोच. म्हणजे दाणा स्थायू आहे. ओतले जातात ते पुष्कळ स्थायू एकत्र. रवा, पीठ, साखर, मीठ, नदीची वाळू, सर्वांचे असेच. हे मुलाला सांगू नका. ताटे त्याच्यापुढे ठेवा आणि त्याला पाहू द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही रास आणि तळे यांतला भेद बोटाने दाखविता येतो.

याच वयाच्या मुलांविषयी एक सूचना. दोन भावंडांना सारखे दूध द्यावे, पण एकाच्या हाती उंच पेला आणि दुसऱ्याच्या हाती पसरट वाटी द्यावी, म्हणजे धाकटे हमखास रडते : "त्याला जास्त दिले!" आई म्हणते, खोडी आहे. वस्तुतः ती खोडी नसते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांपुढे असेच पेले ठेवून दाखवून दिले की सुमारे सात वर्षांपर्यंत बहुतेक मुले उंचीलाच प्रमाण मानतात; डोळ्यांदेखत दूध एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले तरी त्यांना ते वाढले किंवा घटले असे खरोखर वाटते. तेव्हा त्या वयात 'निश्चित आकारमान' हे शब्द शिकविणे म्हणजे दगडावर बी पेरणे होय. पुन्हा पुन्हा ओतू द्यावे. सांडले तर पुसावे.

आता खोबरेल तेलाकडे वळू. माझ्या मते मुलांना शिकविण्यासाठी याच्यासारखी दुसरी वस्तू आपल्या घरात नाही. डिसेंबरात आमच्या बेळगावकडे पहाटेची थंडी पडू लागली की बाटलीतील तेल पांढरे होऊन थिजते; आजीबाई ती बाटली उन्हात नेऊन ठेवतात, किंवा गरम पाण्याच्या भांड्यात उभी करतात. घाटाखाली मडगावला राहणाऱ्या मावशीच्या घरी तेच तेल जवळजवळ बारा महिने पातळ असते. नाताळात पाहुणी येऊन ती म्हणते, "तुमचे तेल बिघडलेले दिसते." तेल बिघडलेले नसते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते आणि त्यावर वितळते. मडगावची हवा आमच्याइतकी गार होत नाही, आमची रोज पहाटे उतरते. बाटली तीच, वजन तेच, वास तोच. सकाळी स्थायू, दुपारी द्रव.

मुलांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो : दगड हा स्थायू, पाणी हा द्रव, हवा हा वायू; जणू काही पदार्थांच्या तीन जाती आहेत आणि जो ज्या जातीत जन्मला तो तिच्यातच राहणार. पुस्तकातील उदाहरणांची यादी हाच समज दृढ करते. पण आपल्या भाषेने या गोष्टीला फार नेमका शब्द योजला आहे : अवस्था. बाल्यावस्था असते, वृद्धावस्था असते, आणि त्या सर्वांतून जाणारा माणूस एकच असतो. खोबरेल तेलाची बाटली खिडकीत ठेवून मुलाला आठवडाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ तिच्याकडे पाहून वहीत नोंद करावयास सांगा. घरी तापमापक असल्यास उत्तम. नसल्यास 'थंड', 'कोमट', 'ऊन' एवढेही पुरे.

तुपाचे थोडे निराळे आहे. ते एकदम वितळत नाही. आधी रवाळ होते, मग मऊ, मग अर्धे पातळ. त्यात निरनिराळ्या प्रकारच्या चरबीचे मिश्रण असते आणि प्रत्येकीची वितळण्याची वेळ निराळी असते. मेणाचेही तसेच. मुलाने विचारले तर सांगावे, न विचारल्यास सोडून द्यावे.

आतापर्यंतचे काम सोपे होते, कारण दोन्ही वस्तू दिसतात. खरी अडचण वायूची. आपल्या बोलण्यातच तिचे मूळ आहे. वायू म्हणजे आपल्या लेखी वारा; 'गॅस' म्हणजे शेगडीचा, नाही तर पोटातला. स्थिर उभी असलेली हवा ही एक वस्तू आहे, तिला जागा लागते, तिला वजन आहे, हे आपण मोठी माणसेसुद्धा मनातून मानीत नाही. मग त्या मुलीने का मानावे? 'गॅस' हा शब्द तरी कुठे फार जुना आहे! सतराव्या शतकात ब्रसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या वैद्याने तो घडविला. ६२ पौंड कोळसा जाळला तर राख केवळ एक पौंड उरते, असे त्याने नमूद केले. मग उरलेले ६१ पौंड कोठे गेले? इतर लोक म्हणत, जळून गेले. तो म्हणाला, 'जळून गेले' हे उत्तर नव्हे. ते कोठेतरी आहे, केवळ दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या द्रव्याला त्याने 'केऑस' या ग्रीक शब्दावरून 'गॅस' हे नाव दिले. हा सर्व मजकूर त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला.

त्या रविवारी पडवीत मी पुढे काय केले ते सांगतो. कागदाचा बोळा करून तो पेल्याच्या बुडाशी घट्ट बसविला, पेला उलटा धरला आणि पावसाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत सरळ खाली दाबला. मुलांना विचारले, "कागद भिजेल काय?" सर्वांनी एकमुखाने होकार दिला. पेला तसाच सरळ वर काढून कागद त्या मुलीच्या हाती दिला. कोरडा! तिने तो गालाला लावून पाहिला. मग तोच प्रयोग पुन्हा, पण या वेळी पाण्याखाली पेला किंचित तिरपा केला. बुड्‌ बुड्‌ करीत बुडबुडे वर आले आणि कागद भिजला. "काय बाहेर पडले?" मी विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी एक लहानगा म्हणाला, "रिकामेपण." मला हे उत्तर इतके आवडले की मी ते लगेच दुरुस्त केले नाही. दुरुस्ती त्या मुलीनेच केली. ती म्हणाली, "रिकामे असते तर पाणी आत शिरले नसते का? आत कोणीतरी बसलेले होते."

वजनाचे दाखविणे थोडे कष्टाचे आहे, परंतु अशक्य नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखविणारा काटा मिळवा. त्यावर मऊ पडलेला फुटबॉल ठेवून वजन लिहून घ्या. मग पंपाने त्यात टणक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा ठेवा. काही ग्रॅमची वाढ दिसेल. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलीत मावणाऱ्या हवेचे वजन सुमारे ३४ किलो भरते, म्हणजे पाचवीतल्या मुलीहून बहुधा जास्तच. इटलीतील तोरिचेल्ली याने १६४४ सालच्या एका पत्रात लिहिले होते की आपण सर्व हवेच्या एका महासागराच्या तळाशी राहतो. चार वर्षांनी पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी फ्रान्समधील एका डोंगरावर नेली आणि माथ्यावर पारा खाली उतरलेला पाहिला. उंचावर डोक्यावरील हवा कमी, म्हणून तिचा दाबही कमी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, म्हणून आमच्या चुलीवरचे पाणी शंभर अंश होण्यापूर्वीच, साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना उकळते.

उकळण्यावरून आठवले. चहाच्या किटलीच्या तोंडातून निघणाऱ्या पांढऱ्या लोटाला आपण वाफ म्हणतो. नीट पाहा : तोंडाला अगदी लागून बोटभर जागेत काहीच दिसत नाही, पांढरेपणा त्याच्या पुढे सुरू होतो. खरी वाफ आहे ती त्या न दिसणाऱ्या जागेत. पांढरे जे दिसते ते निवून पुन्हा द्रव झालेल्या पाण्याचे सूक्ष्म थेंब. आपल्या डोंगरावर पावसाळ्यात उतरणारे धुके आणि आकाशातील ढगही तसेच. मुलांना दुरूनच दाखवावे, कारण ती न दिसणारी बोटभर जागाच सर्वांत अधिक भाजते.

तिन्ही अवस्था एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील तर आपल्या वेदीवर रोज जळणारी मेणबत्ती पाहावी. इंग्लंडमधील मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शास्त्रज्ञ झाला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी शास्त्रावर व्याख्याने होत असत. फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात जी सहा व्याख्याने दिली ती सर्व केवळ एका मेणबत्तीवर होती. त्यांतील एक प्रयोग आमचे वेदीसेवक मुलगे आता मोठ्या हौसेने करतात. वारा नसलेल्या जागी मेणबत्ती चांगली जळू द्यावी, मग हलकेच विझवावी. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर चढते. पेटलेली काडी वातीला न लावता, वातीच्या इंचभर वर त्या रेघेला लावावी. ज्योत रेघेवरून खाली उडी घेते आणि वात पेटते! जळत होते ते कठीण मेण नव्हे, वितळलेले मेणही नव्हे. जळत होती मेणाची वाफ. ती पांढरी रेघ म्हणजे निवू लागलेली तीच वाफ. बोटभर उंचीत खाली स्थायू, वातीभोवतीच्या खळग्यात द्रव, आणि वर वायू. (वडीलधाऱ्यांनी जवळ उभे राहावे हे सांगावयास नकोच; आणि हा प्रयोग मिस्सा चालू असताना करू नये, हेही मला एकदा सांगावे लागले आहे.)

डांबराच्या गोळ्या मात्र मधली पायरी गाळतात. कपाटातील लग्नाच्या साडीत ठेवलेली गोळी वर्षभरात झिजून मटारएवढी होते, पण साडीवर ओलसर डाग पडत नाही. स्थायूचा थेट वायू झाला. पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. गोळी विषारी असते. तिला मुलांनी हात लावू नये.

हे असे का होते, असे मोठे मूल विचारीलच. त्यासाठी मी चर्चचाच उपयोग करतो. प्रवचनाच्या वेळी मुले बाकांवर खेटून बसलेली असतात : जागा सोडीत नाहीत, पण एकही स्वस्थ बसत नाही, जागच्या जागी चुळबूळ चालूच असते. हे झाले स्थायूचे कण. सणाच्या मिरवणुकीत तीच मुले दाटीनेच चालतात, पण एकमेकांना ओलांडून पुढे-मागे होतात, अरुंद दारातून वाहत बाहेर पडतात. हा द्रव. आणि शेवटचा आशीर्वाद झाल्यावर मैदानभर जी पांगापांग होते ती वायूची. कुंपण नसते तर थेट नदीपर्यंत गेली असती. मुले तीच, संख्या तीच. उष्णता मिळाली की कणांची चुळबूळ वाढते, एवढेच. चमचाभर पाण्याची वाफ झाली तर ती आठ लिटर जागा मागते. कुकरची शिट्टी का ओरडते ते यावरून कळते.

आता ज्या कारणासाठी मी लेखणी उचलली तिकडे येतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी नवखा धर्मगुरू होतो. मे महिन्यात एका गावातून निरोप आला. जुन्या, बरीच वर्षे न उपसलेल्या विहिरीतील गाळ व कुजलेला पाला काढण्यासाठी थोरला भाऊ दोर धरून उतरला. अर्ध्यावर पोहोचल्यावर त्याने हाकेला ओ दिली नाही. धाकटा त्याला काढण्यासाठी धावत उतरला. दोघेही वर आले ते इतरांनी दोर बांधून काढलेले. एका दिवशी, एका घरातून, मी दोन शवपेट्यांना पवित्र जल शिंपडले. धाकटा शास्त्र शाखेतून बारावी झालेला होता. वायूची व्याख्या त्याला पाठ असणार, त्या मुलीइतकीच अचूक. त्यांची आई मला पुन्हा पुन्हा एवढेच विचारीत होती, "फादर, विहिरीत तर काहीच नव्हते ना?"

विहीर रिकामी नव्हती. पाला कुजताना हवेतील प्राणवायू वापरला जातो आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. हा वायू हवेच्या दीडपट जड आहे. वाऱ्याची झुळूक न पोहोचणाऱ्या खोल जागी तो पाण्यासारखा साचून राहतो. दिसत नाही, वासही नाही. डिझेलचा पंप विहिरीच्या आत उतरवून चालविला तर आणखी वाईट : त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडने माणूस शुद्ध हरपतो, आणि तोही वासाने कळत नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत विश्वासार्ह नाही. विषारी वायू असूनही कंदील जळत राहू शकतो. आणि शौचटाकीसारख्या ठिकाणी ज्वालाग्राही वायू असल्यास कंदिलानेच स्फोट होतो. एक माणूस आत पडला तर दुसऱ्याने त्याच्यामागे उतरू नये. मन कितीही ओढले तरी उतरू नये. वरून दोर, शिडी, जोराची हवा, जे देता येईल ते द्यावे आणि ११२ किंवा १०१ या क्रमांकावर अग्निशामक दलाला बोलवावे.

हे मुलांना भीती घालून नव्हे, दाखवून शिकविता येते. आपल्या घरांतून सोरपोतेलासाठी व्हिनेगर असतेच. एका उंच जगमध्ये दोन चमचे खाण्याचा सोडा घाला, त्यावर अर्धा पेला व्हिनेगर ओता. फेस उसळेल, तो खाली बसू द्या. दुसऱ्या एका रुंद तोंडाच्या भांड्यात मेणबत्तीचा ठेंगणा तुकडा पेटवून ठेवा. आता जग त्या भांड्यावर हळूच कलता करा, जणू पाणी ओतीत आहात, पण आतील द्रवाचा थेंबही पडू देऊ नका. काहीही पडताना दिसत नाही. आणि मेणबत्ती विझते. ज्या मुलाने रिकाम्या दिसणाऱ्या जगातून 'काही नाही' ओतून ज्योत विझविली, ते विहिरीच्या काठावर उभे राहून 'आत काही नाही' असे म्हणणार नाही.

आणि आता त्या मुलीची दुसरी चूक. सिलिंडरमध्ये वायू असतो, असे ती म्हणाली. नवीन आणलेला सिलिंडर जागेवर सरकविताना आत काहीतरी हिंदकळते, ते कधी ऐकले आहे काय? भरलेल्या सिलिंडरमध्ये जे १४.२ किलो असते ते बहुतांशी द्रव असते. प्रचंड दाबाने वायूला द्रव करून आत कोंडलेले असते, आणि वरच्या थोड्या जागेत वायू. बाहेर पडताच तो द्रव सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. म्हणून लहानशी गळतीही लहान नसते. हाही वायू हवेहून जड. तो छताकडे जात नाही, जमिनीवर पसरतो, ओट्याखाली व कोपऱ्यांत साचतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येणारा कुजकट वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या द्रव्याचा असतो, एवढ्याचसाठी की न दिसणारी वस्तू आपल्याला कळावी. तो वास आला की दिवा लावू नये आणि विझवूही नये, कोणत्याही बटणाला हात लावू नये. रेग्युलेटर बंद करावा, नुसती उंचावरची खिडकी उघडून न थांबता दारही सताड उघडावे, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे. वायू खाली साचतो हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला दार का उघडावयाचे ते सांगावे लागत नाही.

काही वाचक विचारतील, आम्ही फारसे शिकलेले नाही, मुलाने असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर येत नाही, तर काय करावे? मी एक उपाय योजला आहे. पावसाळ्यातील त्या रविवारनंतर प्रत्येक मुलाला एक वही करावयास सांगितली. पानावर चार रकाने : स्थायू, द्रव, वायू, आणि चौथा 'विचारावयाचे आहे'. घरातील, शेतातील, वाटेवरची वस्तू पाहावी आणि योग्य रकान्यात लिहावी. चौथ्या रकान्याबद्दल कोणाला कधी रागवावयाचे नाही. पट्टी तर नाहीच. मोठ्यांनीही त्यात लिहावे. एका आजोबांनी 'काच' लिहिली, कारण जुन्या काचा हळूहळू खाली वाहतात असे त्यांनी कुठेसे ऐकले होते. ती समजूत खरी नाही. काच वाहत नाही, ती स्थायूच, फक्त तिच्यातील कण मिठासारखे ओळीने रचलेले नसतात. एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने येऊन सांगितले की अवस्था तीनच नाहीत, सूर्य आणि वीज यांतील प्लाझ्मा ही चौथी, आणि सत्येंद्रनाथ बोस व आइन्स्टाइन यांनी १९२४-२५ मध्ये भाकीत केलेली पाचवी १९९५ साली प्रयोगशाळेत साधली. मी म्हटले, बरोबर आहे, पण आमचा अजून पेलाच चालू आहे.

त्या पाचवीतल्या मुलीची वही परवा पाहिली. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिले आहे : पेल्यातला, फुटबॉलमधला, फुग्यातला, किटलीच्या तोंडाशी बोटभर, विझलेल्या मेणबत्तीचा, आणि 'आमच्या जुन्या विहिरीतला, बाबांना सांगितले'. चौथ्या रकान्यात : दही, साबणाचा फेस, ढग, ज्योत, आणि सावली. दही आणि फेस यांवर पुढील रविवारी बोलू असे मी सांगितले आहे. ज्योतीसाठी मला थोडे वाचावे लागेल. सावलीपुढे तिने स्वतःच बारीक अक्षरांत लिहिले आहे : 'हिला जागा लागत नाही. पेल्यात घालून पाहिली. पेला तेवढाच भरतो.'